तेलाची चव

"नॉर्ब, पट्टीवर तेल सांडलंय. रॉन्डा भिंतीला धडकलीय. लवकर ये."

टॉवरमधून वॉकीटॉकीवर एवढंच आलं. नॉर्ब कुचिन्स्कीने हातातलं सॉसेज सँडविच कागदात गुंडाळून खिशात कोंबलं आणि एक शिवी हासडली. रॉन्डा टीपलची गाडी त्याच सकाळी त्याने स्वतः तपासून पास केली होती.

केटर्सबर्गच्या शर्यतपट्टीचा तो मुख्य तपासनीस. ओहायोतल्या मक्याच्या शेतांमधून जाणारी पाव मैलाची सरळ पट्टी. दोन गाड्या शेजारी उभ्या राहायच्या, दिवे लागले की सुटायच्या, आधी पोचेल ती पुढच्या फेरीत. रॉन्डा शनिवारच्या उपांत्य फेरीत पुढे होती, आणि तेवढ्यात तिच्या बॉनेटखालून पांढरा धूर निघाला. तेल मागच्या चाकाखाली गेलं, गाडी घसरली आणि भिंतीवर आपटली.

नॉर्ब पोचला तेव्हा तिला स्ट्रेचरवर घेत होते. मनगट वाकडं झालं होतं. शुद्ध मात्र शाबूत होती, आणि जीभही.

"जीनला ओरडू नकोस," ती म्हणाली. "नळ्या त्याने नीटच टाकल्यात."

जीन हा तिचा धाकटा भाऊ आणि तिच्या गाडीचा मेकॅनिक. तो पांढराफटक पडून बाजूला उभा होता.

बॉनेट उघडल्यावर कारण लगेच दिसलं. तेल मोजायची काठी, डिपस्टिक, नळीतून उडून बाहेर लोंबत होती. इंजिनाच्या पोटात हवा तुंबली होती आणि तिने तेलासकट काठी बाहेर फेकली होती. पण ही हवा पोटात गेली कुठून?

पट्टी धुवायची होती, फेऱ्या अडकल्या होत्या, पट्टीचा मालक डोक्यावर बसला होता. नॉर्बला हलता येईना. शेवटी त्याच फेरीत रॉन्डाच्या शेजारून धावलेला म्हातारा ऑरिन स्ट्रिकर आपला जुना ट्रक घेऊन आला, मोडकी गाडी त्याने दोराला बांधली आणि तपासणीच्या शेडमध्ये ओढून नेली. ऑरिनला सगळी पट्टी पॉप म्हणत असे. तिथल्या निम्म्या लोकांना गाडी त्याने शिकवली होती. नॉर्बलाही.

*

शेडमध्ये नॉर्ब बराच वेळ त्या इंजिनाशी झटत होता आणि जितका झटत होता तितका वैतागत होता.

तसं पाहिलं तर गोष्ट सोपी असते. चालत्या इंजिनाच्या पोटात वायू साचतो, तो बाहेर काढावा लागतो. त्यासाठी दोन वाटा. एक बारीक नळी शेजारच्या डब्यात जाते. ती रोजच्या ढेकराला पुरते. दुसरी जाड नळी जिथून इंजिन हवा ओढतं त्या भागाला जोडतात, म्हणजे इंजिनच आपल्या पोटातला वायू ओढून जाळून टाकतं. पण गाडीला सुपरचार्जर बसवला की सगळं उलटं होतं. गाडी नुसती उभी असते तोवर तो भाग ओढत असतो. पाय दाबला की सुपरचार्जर तिथे हवा कोंबतो, आणि जी नळी ओढत होती तीच फुंकू लागते. म्हणून त्या जाड नळीत एकमार्गी व्हॉल्व्ह घालतात. वायू बाहेर जाईल, हवा आत येणार नाही.

रॉन्डाच्या जाड नळीत व्हॉल्व्ह होता. त्याच्यावरचा बाण बरोबर दिशेला होता. बारीक नळी मोकळी होती. सिलिंडर तपासले, तेही घट्ट. म्हणजे दारं बंद, खिडक्या बंद, आणि चोर तरीही घरात.

त्याने व्हॉल्व्ह काढला, फडक्याने वरवर पुसला आणि तोंडात धरून फुंकला. पट्टीवर सगळे असाच तपासतात, पॉपची शिकवण. एका बाजूने हवा गेली, दुसऱ्या बाजूने गेली नाही. व्हॉल्व्ह ठणठणीत. नॉर्बने खिशातलं चेपलेलं सँडविच काढलं आणि तसाच एक मोठा घास घेतला. निदान ते तरी चवीला बरं होतं.

मग त्याने व्हॉल्व्ह उजेडात धरला. अर्धा काळा, अर्धा पांढरा, कुठलाच ठिपका नाही.

हे त्याला खटकलं. इथे कुणाचं काही मोडलं तर प्रतिस्पर्धीसुद्धा आपल्या पेटीतला भाग काढून देतो. मागावं लागत नाही. पुष्कळदा देणारा भाग बसवूनच जातो आणि कोण ते सांगतही नाही, कारण उपकार बोलून दाखवणं हलकं समजतात. फक्त आपापल्या भागांवर रंगाचा ठिपका ठेवायचा, म्हणजे रविवारी संध्याकाळी वस्तू घरी परत येते. रॉन्डाचा ठिपका पिवळा, लॅनी प्रूइटचा हिरवा, पॉपचा नारिंगी. पेटीतल्या प्रत्येक भागाला रंग असायचा. हा व्हॉल्व्ह मात्र बिनरंगाचा होता, आणि सकाळी तपासला तेव्हा याच जागी पिवळ्या ठिपक्याचा होता.

त्याने जीनला बोलावलं.

"सकाळनंतर व्हॉल्व्ह कुणी बदलला?"

"मी."

"का?"

"पहिल्या फेरीनंतर शिटी वाजत होती. जुना तडकला होता."

"नवा कुठून आणलास?"

"आमच्याच पेटीतून."

"कुठल्या रंगाचा ठिपका आहे त्याच्यावर?"

"पिवळा. आमचा पिवळाच असतो ना."

नॉर्बने मूठ उघडून व्हॉल्व्ह समोर धरला. जीनने तो पाहिला आणि मान खाली घातली.

"खोटं बोलायचं तर आधी वस्तू बघावी, बाळा. तू होतास कुठे?"

"बर्फ आणायला गेलो होतो, इंजिनावर ठेवायला. आलो तर बॉनेट बंद, शिटी बंद. मला वाटलं रॉन्डाने बसवला." त्याचा आवाज चिरकला. "नॉर्ब, तिच्या हातून चूक झाली असेल तर ती माझ्या नावावर लिही. तिचं मनगट मोडलंय, वर हे कशाला?"

"तुझं परवान्याचं कार्ड जाईल. राज्यातल्या एकाही पट्टीवर तुला कुणी बॉनेट उघडू देणार नाही."

"माहितीये."

नॉर्ब सँडविच विकणाऱ्या बेव्हच्या टपरीवर गेला आणि तिथल्या फोनवरून हॉस्पिटलला फोन लावला. रॉन्डाला प्लास्टर घालून झालं होतं.

"व्हॉल्व्ह कुणी बसवला, रॉन्डा?"

"मी."

"ठिपक्याचा रंग?"

"पिवळा."

नॉर्बने कपाळ भिंतीला टेकवलं. "तुम्हा दोघांच्या आईने एकच खोटं दोघांना वाटून दिलेलं दिसतंय."

ती म्हणाली, "मी ड्रायव्हरांच्या बैठकीला गेले होते. परत आले तर काम झालेलं. मला वाटलं जीनने केलं. हे बघ, त्याच्या गॅरेजला आत्ता कुठे गिऱ्हाईक लागायला लागलंय. माझं नाव लिही. मी काय, हात बरा होईपर्यंत घरीच बसणार आहे."

त्याने फोन ठेवला. बेव्ह काउंटर पुसत त्याच्याकडे पाहत होती.

"तुझं तोंड असं का झालंय? माझ्या सॉसेजने?"

"सॉसेज चांगलं होतं. माणसं नासकी आहेत. गुन्हा एक, कबूल करणारे दोन, आणि दोघंही निर्दोष."

तेवढ्यात धडाड असा आवाज झाला. पॉपचा ट्रक टपरीशेजारच्या कचऱ्याच्या पिंपावर आदळला होता. इंजिन आधीच बंद करून ट्रक घरंगळत आणून उभा करायचा, ही त्याची जुनी सवय. बेव्ह डोळे वटारून बाहेर आली.

"पॉप, ते पिंप तिथे वर्षानुवर्षं आहे."

"ट्रक म्हातारा झालाय, बेव्ह. माझ्यासारखाच. थांब म्हटलं तर थांबत नाही." पॉप हळूच खाली उतरला. त्याच्या हातात फेरीच्या वेळेची चिठ्ठी होती. ती त्याने नॉर्बकडे दिली. "वाच रे जरा. चष्मा घरी राहिला."

नॉर्बने वाचून दाखवली. पॉप जिंकला होता. रॉन्डा बाद झाल्यामुळे रविवारच्या अंतिम फेरीत पॉप आणि लॅनी प्रूइट असा सामना होता.

"शेडमध्ये काय सापडलं?" पॉपने विचारलं.

"डोंबल सापडलं. सगळं जिथल्या तिथे आहे." नॉर्बने व्हॉल्व्ह त्याच्या हातावर ठेवला. "हा कुणाचा? ओळखतोस?"

पॉपने त्याच्यावरून अंगठा फिरवला. आधी एकदा, मग पुन्हा उलटा. "ठिपका आहे का?"

"नाही."

"मग कसा सांगू?"

"दुपारी त्यांच्या गाडीकडे कुणी गेलेलं पाहिलंस?"

"मी माझ्याच इंजिनात डोकं घालून होतो." त्याने व्हॉल्व्ह परत दिला. "पोराला फार छळू नकोस, नॉर्ब. जीन गुणी आहे."

*

लॅनी प्रूइटला विचारलं तेव्हा तो उसळलाच. त्याला स्वतःची गाडी आणि स्वतःचा आवाज दोन्ही फार आवडत.

"म्हणजे मी केलं? अंतिम फेरीत रॉन्डा नको म्हणून?"

"मी फक्त विचारतोय, त्यांच्या गाडीजवळ गेला होतास का."

"नाही. आणि मला रॉन्डाच हवी होती समोर. म्हाताऱ्याला हरवून कुणाला काय सांगू? लोक म्हणतील, लाज वाटत नाही का."

लॅनी गर्विष्ठ होता, पण एवढं नाटक करण्याइतकं डोकं त्याला नव्हतं. नॉर्ब आणखी तीन-चार जणांना भेटला. कुणी काही पाहिलं नव्हतं. मदत करणाऱ्याकडे बघायचं नाही, हीच तर इथली रीत. त्या रीतीचा त्याला आज पहिल्यांदा मनापासून राग आला.

संध्याकाळी मालकाने त्याला गाठलं. "उद्या शर्यत सुरू व्हायच्या आधी नाव पाहिजे. कारण सापडत नसेल तर नियम आहेच. तेल सांडलं की जबाबदार मेकॅनिक."

"तो निर्दोष आहे."

"मग दोषी आण."

नॉर्ब घरी गेला आणि बायकोशी विनाकारण भांडला. तिने त्याला सरळ सांगितलं की इंजिनाचा राग इंजिनावर काढ. तिचंही बरोबरच होतं.

*

रविवारी सकाळी सगळ्या गाड्यांची बॉनेटं उघडी होती. शनिवारची धास्ती सगळ्यांनी घेतली होती. जो तो आपापल्या नळ्या तपासत होता. नॉर्ब त्यांच्यामधून चालला होता. मालकाला जीनचं नाव सांगायची वेळ जवळ येत होती. जीन आणि रॉन्डा शेडच्या दारात बसले होते. रॉन्डाने प्लास्टरचा हात मांडीवर धरला होता. दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. प्रत्येकाला वाटत होतं, दुसऱ्याची चूक झाकायची आहे.

लॅनीने आपल्या जाड नळीतला व्हॉल्व्ह काढला, तोंडात धरून फुंकला आणि लगेच पिंक टाकली.

"शी! याची चव कुत्र्यालासुद्धा सोसणार नाही."

"काय झालं?" शेजारच्याने विचारलं.

"काय होणार? तेल. इंजिनाच्या पोटातली घाण रोज यातूनच जाते ना." त्याने ओठ पुसले, पुन्हा थुंकला आणि पाणी मागितलं.

नॉर्ब जागच्या जागी थांबला. काल त्याने तसाच व्हॉल्व्ह फुंकला होता, आणि त्यानंतर तोंड न पुसता सँडविच खाल्लं होतं. चव बरी लागली होती.

तो थेट पॉपच्या ट्रककडे गेला. पॉप बॉनेटला टेकून कॉफी पीत होता.

"किल्ली दे, ऑरिन."

इतक्या वर्षांत नॉर्बने त्याला ऑरिन म्हणून हाक मारली नव्हती. पॉपने काही न विचारता किल्ली दिली.

"इथे एकट्यात सांगशील का?" नॉर्बने हळू आवाजात विचारलं.

"काय सांगू?"

"ठीक आहे. मग शेडपाशी चल. जीनचं नाव काल सगळ्यांसमोर खराब झालंय, ते सगळ्यांसमोरच साफ व्हायला हवं."

नॉर्बने ट्रक शेडसमोर आणून उभा केला. रॉन्डा आणि जीन उठून उभे राहिले. मालक आला. लॅनी आला, आणि त्याच्या मागून चौकशा करणारे बाकीचे.

"काल मी गाढवपणा केला," नॉर्ब म्हणाला. "आज त्यातला थोडा कमी करतो. काल जाड नळीतला व्हॉल्व्ह मी फुंकला. तेलाची चव आली नाही. एक फेरी जरी त्यातून पोटातली घाण गेली असती तर मला लॅनीसारखं थुंकावं लागलं असतं. म्हणजे शर्यतीत तो व्हॉल्व्ह तिथे नव्हताच. अपघात झाल्यावर कुणीतरी तिथे बसवला."

"मग आधी कुठला होता?" मालकाने विचारलं.

"उलटा बसवलेला. गाडी उभी असताना काही कळलं नाही, शिटीही थांबली. रॉन्डाने पाय दाबल्यावर सुपरचार्जरने त्याच दारातून पोटात हवा कोंबली. बारीक नळीला ती आवरेना. काठी उडाली."

"चूक कळल्यावर तोच सुलटा का नाही केला?" जीनने विचारलं. "बदलायचा कशाला?"

"हाच प्रश्न मी कालच स्वतःला विचारायला हवा होता. बदलला, कारण त्याच्यावर ठिपका होता. पेटीतल्या प्रत्येक भागावर ठिपका असतो. रंग खरवडायला वेळ नव्हता. त्या माणसाला ताबडतोब बिनठिपक्याचा व्हॉल्व्ह हवा होता. तसा एकच ठिकाणी मिळतो, कंपनीतून आलेल्या गाडीच्या ब्रेकच्या नळीत. तिथेही असाच एकमार्गी व्हॉल्व्ह असतो, तेवढ्याच जाडीचा. आणि त्यातून नुसती कोरडी हवा जाते."

तो ट्रकमध्ये चढला, इंजिन सुरू केलं, थोडा वेळ चालू दिलं आणि बंद केलं.

"व्हॉल्व्ह जागेवर असेल तर इंजिन बंद केल्यावरही ब्रेक एकदोनदा मऊ दाबला जातो. ओढून ठेवलेली हवा व्हॉल्व्ह धरून ठेवतो. जीन, ये, दाबून बघ."

जीन चढला. त्याने पाय ठेवला. पुन्हा ठेवला. मग पॉपकडे बघितलं.

"दगड," तो म्हणाला.

"काल याच ट्रकने इंजिन बंद करून घरंगळताना बेव्हचं पिंप उडवलं. आदल्या दिवसापर्यंत कधी उडवलं नव्हतं. अपघातानंतर शेडमध्ये त्या गाडीबरोबर एकटाच कोण होता, तेही सगळ्यांना माहीत आहे." नॉर्ब खाली उतरला. त्याला पॉपकडे बघवेना, म्हणून तो ट्रककडे बघत बोलत राहिला. "मला एकच कळत नाही. आम्हाला सगळ्यांना फुंकून बघायला ज्याने शिकवलं, त्याने व्हॉल्व्ह उलटा बसवला कसा?"

पॉपने कॉफीचा कप बॉनेटवर ठेवला. खिशात हात घातला आणि नारिंगी ठिपक्याचा, तेलाने काळपट झालेला व्हॉल्व्ह काढून जीनच्या हातात दिला.

"फेरीची हाक झाली होती. फुंकायला वेळ नव्हता," तो म्हणाला. "माझ्या ट्रकमध्ये काळं तोंड इंजिनाकडे असतं. मी काळं तोंड इंजिनाकडे केलं."

जीनने व्हॉल्व्ह फिरवून पाहिला. "पण पॉप, हा दुसऱ्या कंपनीचा आहे. याचे रंग उलटे आहेत. बाण तर एवढा मोठा कोरलाय."

पॉपने कप पुन्हा उचलला.

नॉर्बला वेळेची चिठ्ठी आठवली. चष्मा घरी राहिला म्हणाला होता, आणि तो चष्मा या हंगामात प्रत्येक शनिवारी घरीच राहिला होता.

"किती दिवस झाले?" त्याने विचारलं.

"हिवाळ्यापासून. कडेकडेचं दिसतं. बघायला जातो तिथेच डाग येतो. डॉक्टर म्हणतो, चष्म्याचं काम नाही."

"आणि तू गाडी पळवतोयस? सुटायचे दिवे तरी कसे दिसतात तुला?"

"उजेड दिसतो, नॉर्ब. बाण दिसत नाही."

रॉन्डा त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग होता आणि तो लपवायची तिला गरज वाटली नाही.

"मनगटाचं मी सोडून देईन, पॉप. मदत करताना चुकलात. पण रात्रभर माझा भाऊ माझा दोष अंगावर घेऊन बसला होता, आणि तुम्ही काल नॉर्बला नुसतं म्हणालात म्हणे, पोर गुणी आहे."

"कबूल केलं असतं तर ते माझं कार्ड घेऊन गेले असते," पॉप म्हणाला. "दुसरं काही नाही माझ्याकडे, पोरी. पण ते काही कारण नाही. मला ठाऊक आहे." मग जीनकडे वळून त्याने मान लववली. "माफ कर."

जीनला काय करावं कळेना. त्याने नारिंगी ठिपक्याचा व्हॉल्व्ह फडक्याने पुसला आणि पॉपला परत दिला. उधार भाग रविवारी परत करायचा, एवढंच त्याला सुचलं.

मालक घसा खाकरून म्हणाला, "अंतिम फेरी मग लॅनीला—"

"मला नको असली फेरी," लॅनी म्हणाला आणि आपल्या गाडीकडे निघून गेला. आयुष्यात पहिल्यांदाच तो एवढं कमी बोलला असेल.

पॉपने पाकिटातून कार्ड काढलं. नॉर्बने हात पुढे केला नाही, तेव्हा त्याने ते नॉर्बच्या शर्टाच्या खिशात सरकवलं.

नॉर्बने शेडमधून बिनठिपक्याचा व्हॉल्व्ह आणला, ट्रकच्या ब्रेकच्या नळीत बसवण्याआधी तोंडात धरून फुंकला. कोरडा, बेचव. बसवून झाल्यावर तो स्वतःच चालकाच्या जागेवर बसला. पॉप ट्रकला वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेला. इतक्या वर्षांत त्या बाजूने तो कधी चढलाच नव्हता. दाराची कडी त्याला चाचपून शोधावी लागली.

नॉर्ब खाली उतरला, पलीकडे गेला आणि त्याला दार उघडून दिलं.